सय्यद अब्दुल रहीम

सय्यद अब्दुल रहीम (१७ ऑगस्ट, १९०९ - ११ जून, १९६३) हे हैदराबाद येथील शालेय शिक्षक, फुटबॉल प्रशिक्षक व क्रीडासंघटक होते. १९५० ते १९६३ या काळात त्यांनी हैदराबाद सिटी पोलिस संघाचे प्रशिक्षकपद सांभाळले आणि त्याच काळात अनेक आंतरराष्ट्रीय स्पर्धांत भारतीय संघाला मार्गदर्शन केले. त्यांच्या मार्गदर्शनाखाली भारताने १९५१ व १९६२ च्या आशियाई क्रीडास्पर्धांत सुवर्णपदक जिंकले आणि १९५६ च्या मेलबर्न ऑलिंपिकमध्ये चौथे स्थान मिळवले. ऑलिंपिक फुटबॉलच्या उपांत्य फेरीत पोहोचणारा भारत हा आशियातील पहिला देश होता. खेळाडू व चाहते त्यांना 'रहीम साहेब' या नावाने ओळखत. भारतीय फुटबॉलच्या आधुनिक शैलीचे शिल्पकार म्हणून त्यांचा उल्लेख केला जातो.

## पार्श्वभूमी

रहीम यांचे सर्व आयुष्य हैदराबाद शहरात गेले. ते वाढले त्या काळात हैदराबाद हे निजामाच्या संस्थानाची राजधानी होते. तेलुगू, मराठी, कन्नड व उर्दू अशा चार भाषा बोलणारी प्रजा या संस्थानात एकत्र नांदत होती. आजच्या मराठवाड्यातील औरंगाबाद, परभणी, नांदेड, बीड व उस्मानाबाद (आताचे धाराशिव) हे जिल्हे संस्थानाचे मराठी भाषक जिल्हे होते. १९१८ साली हैदराबादेत उस्मानिया विद्यापीठ स्थापन झाले. सर्व विषयांचे उच्च शिक्षण उर्दू माध्यमातून देणे हे त्याचे वैशिष्ट्य होते. सातवे निजाम मीर उस्मान अली खान यांच्या नावावरून या विद्यापीठाचे नाव ठेवण्यात आले. १९५८ मध्ये मराठवाडा विद्यापीठ स्थापन होईपर्यंत धाराशिवसारख्या जिल्ह्यांतील विद्यार्थ्यांना उच्च शिक्षणासाठी मुख्यतः हैदराबादचाच रस्ता धरावा लागे. रहीम ज्या शिक्षणव्यवस्थेत शिकले व पुढे शिक्षक झाले, तीच व्यवस्था मराठवाड्यातील शाळांनाही लागू होती.

संस्थानात फुटबॉल आला तो ब्रिटिश फौजांच्या छावण्यांतून. सिकंदराबाद, बोलारम व त्रिमुलघेरी येथील छावण्यांतील सैनिकांचे सामने पाहून स्थानिक तरुणांत या खेळाची आवड निर्माण झाली. शाळा-महाविद्यालयांची मैदाने, मोहल्ल्यांतील क्लब आणि पोलिस व लष्करातील संघ यांमुळे विसाव्या शतकाच्या पहिल्या काही दशकांत हैदराबाद हे कलकत्ता व मुंबईनंतरचे फुटबॉलचे एक महत्त्वाचे केंद्र बनले.

## प्रारंभिक जीवन व शिक्षण

रहीम यांचा जन्म १७ ऑगस्ट, १९०९ रोजी हैदराबाद येथे झाला. त्यांनी उस्मानिया विद्यापीठातून कला शाखेची पदवी घेतली. विद्यार्थिदशेत ते विद्यापीठाच्या संघाकडून फुटबॉल खेळत. पुढे ते कमर क्लब या संघातून खेळू लागले. हा संघ त्या वेळच्या स्थानिक लीगमधील उत्तम संघांत गणला जाई. खेळाडू म्हणून त्यांना राष्ट्रीय कीर्ती मिळाली नाही. मैदानावर पाहिलेली गोष्ट नेमक्या शब्दांत समजावून सांगणे आणि समोरच्याकडून ती करवून घेणे यात मात्र त्यांचा हातखंडा होता. हे गुण प्रथम वर्गात व नंतर मैदानावर दिसून आले.

## शिक्षकी पेशा

पदवीनंतर रहीम यांनी शिक्षकी पेशा स्वीकारला. काचीगुडा मिडल स्कूल, उर्दू शरीफ स्कूल, दार-उल-उलूम हायस्कूल आणि चादरघाट हायस्कूल या हैदराबादमधील शाळांत त्यांनी अध्यापन केले. नोकरीत असताना त्यांनी शारीरिक शिक्षणातील पदविका मिळवली. त्यानंतर दार-उल-उलूम व चादरघाट या दोन शाळांतील क्रीडाविभागाची जबाबदारी त्यांच्याकडे आली.

त्यांच्या पुढील कामगिरीचे मूळ या शालेय अनुभवात आहे. त्या काळी बहुतेक संघांत प्रशिक्षक म्हणजे संघाबरोबर प्रवास करणारा जुना खेळाडू किंवा अधिकारी असे. खेळ शिकवता येतो, त्याचे सोपे व अवघड धडे पाडता येतात आणि ते वयानुसार क्रमाने द्यावे लागतात, ही कल्पना फारशी रुजलेली नव्हती. रहीम यांच्याकडे येणारी मुले वेगवेगळ्या वयाची, कुवतीची व घरच्या परिस्थितीची असत. काहींना बूट परवडत नसत, तर काहींना शाळा सुटताच घरच्या कामाला लागावे लागे. अशा मुलांकडून रोज थोडे थोडे काम करवून घेण्याची शिक्षकाची सवय पुढे राष्ट्रीय खेळाडूंना शिकवतानाही त्यांनी सोडली नाही.

## हैदराबाद फुटबॉल संघटनेतील कार्य

१९४० च्या दशकात रहीम हैदराबाद फुटबॉल असोसिएशनचे सचिव झाले आणि अखेरपर्यंत ते या संघटनेशी बांधलेले राहिले. भारताच्या स्वातंत्र्यानंतर सप्टेंबर १९४८ मध्ये हैदराबाद संस्थान भारतीय संघराज्यात विलीन झाले. या राजकीय उलथापालथीनंतर शहरातील क्रीडाजीवनाची घडी पुन्हा बसवण्याची गरज होती. स्थानिक लीग नियमित चालवणे, शाळांमधील व क्लबांमधील मुलांसाठी स्पर्धा भरवणे आणि होतकरू खेळाडूंना मोठ्या संघांपर्यंत पोहोचवणे ही कामे त्यांनी संघटक या नात्याने केली.

प्रशिक्षक व सचिव या दोन्ही जबाबदाऱ्या एकाच व्यक्तीकडे असल्याने शालेय स्पर्धेत दिसलेला मुलगा लीगमध्ये, लीगमधील खेळाडू पोलिस संघात आणि पोलिस संघातील खेळाडू राष्ट्रीय शिबिरात जाण्याची वाट तयार झाली. १९५० च्या दशकात भारतीय संघात हैदराबादच्या खेळाडूंची संख्या वाढली, त्यामागे ही साखळी होती. राष्ट्रीय अजिंक्यपदासाठीच्या संतोष चषक स्पर्धेत हैदराबादने १९५६-५७ आणि १९५७-५८ अशी सलग दोन वर्षे विजेतेपद मिळवले.

## प्रशिक्षणपद्धती

रहीम यांच्या पद्धतीचा पाया चेंडूवरील ताबा हा होता. व्यायाम, धावणे व दमसास यांना ते महत्त्व देत, तरी सरावाचा बराच भाग चेंडूसह व्हावा असा त्यांचा आग्रह असे.

लहान खेळाडूंच्या उणिवा दूर करण्यासाठी त्यांनी स्पर्धांचेच नियम बदलून पाहिले. काही स्पर्धांत खेळाडूंना फक्त दुबळ्या पायाने खेळण्याची मुभा असे. उजव्या पायाने खेळणाऱ्या मुलाला डावा पाय वापरावाच लागे आणि सामन्याच्या ओघात त्याचा तो पाय तयार होई. काही स्पर्धांत चेंडू घेऊन प्रतिस्पर्ध्याला चकवत पुढे जाण्यास, म्हणजे ड्रिबलिंगला, बंदी असे. त्यामुळे चेंडू मिळण्यापूर्वीच तो कोणाला द्यायचा याचा विचार करण्याची व झटपट पास देण्याची सवय लागे. त्या काळच्या भारतीय फुटबॉलमध्ये एकट्याने चेंडू खेळवत नेण्याला प्रेक्षकांची मोठी दाद मिळत असे. ही आवड संघाच्या खेळाला मारक ठरते, हे रहीम यांनी ओळखले होते. मात्र व्याख्यान देऊन ही सवय मोडणार नाही, हेही ते जाणून होते. म्हणून त्यांनी खेळाची रचनाच अशी केली, की मुलांना दुसरा मार्ग उरू नये.

डावपेचांच्या बाबतीत ते आपल्या काळाच्या पुढे होते. १९५० च्या दशकाच्या आरंभी हंगेरीच्या संघाने मध्य आघाडीवीराला थोडे मागे ठेवून खेळण्याची पद्धत जगापुढे आणली. रहीम यांनी अशा बदलांचा अभ्यास केला व आपल्या खेळाडूंना पेलतील अशा रूपात ते स्वीकारले. भारतात ४-२-४ ही रचना रूढ करण्याचे श्रेय त्यांना दिले जाते. चार बचावपटू, दोन मध्यरक्षक व चार आघाडीवीर अशा या रचनेत बचावातून आक्रमणाकडे वेगाने जाता येते. ब्राझीलने १९५८ चा विश्वचषक याच रचनेच्या बळावर जिंकल्यानंतर ती जगभर पसरली.

खेळाडूंच्या मनाचा अभ्यास हा त्यांच्या पद्धतीचा आणखी एक भाग होता. कोणाला चार शब्द सुनवायचे, कोणाला एकट्याला बाजूला घेऊन समजवायचे आणि कोणाला काहीच न बोलता मोकळे सोडायचे, हे ते खेळाडूगणिक ठरवत. शिस्तीच्या बाबतीत ते कठोर होते, मात्र खेळाडूच्या अडचणीकडे त्यांनी कधी पाठ फिरवली नाही. सिकंदराबादजवळच्या अम्मुगुडा येथील गरीब कुटुंबातून आलेल्या तुलसीदास बलराम यांना सरावासाठी हैदराबादला येणे परवडत नव्हते. रहीम यांनी त्यांच्या भाड्याच्या सायकलीची सोय केली, असे बलराम यांनी पुढे आपल्या आठवणींत सांगितले. हेच बलराम पुढे भारताच्या सर्वोत्तम आघाडीवीरांपैकी एक झाले.

## हैदराबाद सिटी पोलिस संघ

१९५० साली रहीम हैदराबाद सिटी पोलिस संघाचे प्रशिक्षक झाले. त्याच वर्षी हा संघ देशभर गाजू लागला. फाळणीनंतर पुन्हा सुरू झालेल्या ड्युरँड चषक स्पर्धेत हैदराबाद पोलिसांनी अंतिम फेरीत कलकत्त्याच्या बलाढ्य मोहन बागान संघाला हरवून विजेतेपद मिळवले.

या संघाची सर्वांत मोठी कामगिरी मुंबईत घडली. मुंबईची रोव्हर्स चषक स्पर्धा १८९१ साली सुरू झाली होती व देशातील जुन्या आणि प्रतिष्ठेच्या स्पर्धांमध्ये तिची गणना होई. कूपरेज मैदानावर होणारे तिचे सामने पाहण्यासाठी गिरणगावातील कामगारांपासून महाविद्यालयीन विद्यार्थ्यांपर्यंत सर्व थरांतील प्रेक्षक गर्दी करत. १९५० ते १९५४ अशी सलग पाच वर्षे हैदराबाद सिटी पोलिस संघाने हा चषक जिंकला. मुंबईच्या प्रेक्षकांना आखूड पास, जागांची झटपट अदलाबदल आणि एकमेकांवर विसंबून खेळण्याची ही शैली प्रथम याच संघामुळे जवळून पाहायला मिळाली.

१९५६ च्या राज्यपुनर्रचनेत हैदराबाद राज्याचे तीन भाग झाले. तेलुगू जिल्हे आंध्र प्रदेशात, कन्नड जिल्हे म्हैसूर राज्यात आणि उस्मानाबादसह मराठवाड्यातील जिल्हे द्विभाषिक मुंबई राज्यात गेले. त्यानंतरच्या काळात हा संघ आंध्र प्रदेश पोलिस या नावाने खेळू लागला. नाव बदलले तरी रहीम यांचे मार्गदर्शन कायम होते.

रहीम यांच्या कारकिर्दीत पोलिस संघाने मिळवलेली प्रमुख विजेतेपदे पुढीलप्रमाणे:

* रोव्हर्स चषक: १९५०, १९५१, १९५२, १९५३, १९५४, १९५७, १९६० व १९६२ (१९६२ चे विजेतेपद ईस्ट बंगालसह संयुक्त)
* ड्युरँड चषक: १९५०, १९५४, १९५७ व १९६१

## भारतीय संघाचे प्रशिक्षक

### १९५१ ची आशियाई क्रीडास्पर्धा

पहिली आशियाई क्रीडास्पर्धा मार्च १९५१ मध्ये नवी दिल्ली येथे झाली. सैलेन मन्ना यांच्या नेतृत्वाखालील भारतीय संघाचे प्रशिक्षक रहीम होते. भारताने इंडोनेशिया व अफगाणिस्तान या दोन्ही संघांना ३-० अशा फरकाने हरवले. अंतिम सामन्यात साहू मेवालाल यांच्या एकमेव गोलमुळे इराणचा १-० असा पराभव झाला आणि भारताला फुटबॉलमधील पहिले आशियाई सुवर्णपदक मिळाले.

### १९५२ चे हेलसिंकी ऑलिंपिक

पुढच्याच वर्षी हेलसिंकी येथे भारताला मोठा धक्का बसला. युगोस्लाव्हियाने भारताचा १०-१ असा पराभव केला. भारताचे अनेक खेळाडू त्या सामन्यात अनवाणी खेळले होते. १९४८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये अनवाणी खेळूनही भारताने फ्रान्सविरुद्ध फक्त १-२ अशी हार पत्करली होती, त्यामुळे अनवाणी खेळण्याविषयी कौतुकाची भावना निर्माण झाली होती. हेलसिंकीच्या थंड हवेत व युरोपीय संघाच्या वेगापुढे ते कौतुक टिकले नाही. या पराभवानंतर अखिल भारतीय फुटबॉल महासंघाने खेळाडूंना बूट घालणे सक्तीचे केले.

रहीम यांच्या दृष्टीने हा प्रश्न बुटांपुरता नव्हता. बूट घालून खेळायचे तर चेंडू थोपवण्याची, मारण्याची व वळण्याची पद्धत नव्याने शिकावी लागते. मोठ्या वयात ती बदलणे अवघड असते. त्यामुळे लहानपणापासून दिल्या जाणाऱ्या प्रशिक्षणाचे महत्त्व या पराभवाने अधोरेखित केले. पुढच्या चार वर्षांत भारतीय संघाचे रूप पालटले.

### १९५६ चे मेलबर्न ऑलिंपिक

मेलबर्न ऑलिंपिकमधील कामगिरी ही भारतीय फुटबॉलच्या इतिहासातील सर्वोच्च कामगिरींपैकी एक मानली जाते. संघाचे कर्णधार समर (बद्रू) बॅनर्जी होते. पहिल्या फेरीत हंगेरीने माघार घेतल्याने भारताला पुढे चाल मिळाली. उपांत्यपूर्व फेरीत यजमान ऑस्ट्रेलियाचा भारताने ४-२ असा पराभव केला. त्या सामन्यात नेव्हिल डिसूझा यांनी तीन गोल केले. ऑलिंपिकमध्ये गोलांची हॅटट्रिक करणारे ते पहिले आशियाई खेळाडू ठरले.

उपांत्य सामन्यात पुन्हा युगोस्लाव्हियाच समोर होता. चार वर्षांपूर्वी ज्या संघाने दहा गोल केले होते, त्याच संघावर भारताने उत्तरार्धाच्या आरंभी डिसूझा यांच्या गोलमुळे १-० अशी आघाडी घेतली. ती टिकली नाही व भारत १-४ असा हरला. कांस्यपदकाच्या सामन्यात बल्गेरियाने भारताला ३-० असे हरवले. पदक हुकले, पण भारताने चौथे स्थान मिळवले. डिसूझा यांनी एकूण चार गोल करून स्पर्धेत सर्वाधिक गोल करणाऱ्यांत संयुक्तपणे पहिले स्थान पटकावले.

या संघात रहीम यांनी घडवलेले तुलसीदास बलराम, अझीझुद्दीन, नूर मोहम्मद, झुल्फिकारुद्दीन व अहमद हुसेन असे हैदराबादचे अनेक खेळाडू होते.

### १९६० चे रोम ऑलिंपिक

रोम ऑलिंपिकमध्ये भारताचा गट अतिशय अवघड होता. प्रदीपकुमार (पी. के.) बॅनर्जी यांच्या नेतृत्वाखालील संघाने हंगेरीविरुद्ध १-२ अशी झुंज दिली, फ्रान्सला १-१ असे बरोबरीत रोखले आणि पेरूकडून १-३ अशी हार पत्करली. हंगेरीने पुढे त्या स्पर्धेत कांस्यपदक मिळवले. भारत गटातच बाद झाला, तरी युरोपीय संघांशी बरोबरीने खेळता येते हे या सामन्यांनी दाखवून दिले. रहीम यांचे पुत्र सय्यद शाहिद हकीम यांचा या संघात समावेश होता.

### १९६२ ची आशियाई क्रीडास्पर्धा

ऑगस्ट-सप्टेंबर १९६२ मध्ये जाकार्ता येथे झालेली आशियाई क्रीडास्पर्धा ही रहीम यांची अखेरची मोठी स्पर्धा ठरली. या काळात त्यांना कर्करोगाने ग्रासले होते.

पहिल्याच सामन्यात दक्षिण कोरियाने भारताला २-० असे हरवले. त्यानंतर भारताने थायलंडचा ४-१ आणि जपानचा २-० असा पराभव केला. थायलंडविरुद्धच्या सामन्यात मुख्य बचावपटू जर्नेलसिंग यांच्या डोक्याला जखम होऊन टाके घालावे लागले. बचावफळीत उंच चेंडू डोक्याने परतवणे त्यांच्यासाठी धोक्याचे होते. रहीम यांनी त्यांना संघातून वगळले नाही, तर आघाडीला खेळवले. उपांत्य सामन्यात दक्षिण व्हिएतनामविरुद्ध कर्णधार चुनी गोस्वामी यांनी दोन व जर्नेलसिंग यांनी एक गोल केला आणि भारताने ३-२ असा विजय मिळवला.

मैदानाबाहेरची परिस्थितीही बिकट होती. यजमान इंडोनेशियाने इस्रायल व तैवानच्या पथकांना प्रवेश नाकारला होता. आशियाई क्रीडा महासंघाचे भारतीय पदाधिकारी गुरुदत्त सोंधी यांनी त्यावर आक्षेप घेतल्याने जाकार्तात भारताविरुद्ध संतापाची लाट उसळली होती. भारतीय दूतावासावर जमाव चालून गेला. अशा वातावरणात ४ सप्टेंबर, १९६२ रोजी सुमारे एक लाख प्रेक्षकांच्या आरडाओरड्यात अंतिम सामना झाला.

प्रतिस्पर्धी पुन्हा दक्षिण कोरियाच होता. आदल्या सामन्यांत प्रद्युत बर्मन यांनी गोलरक्षण केले होते, परंतु कोरियन संघाचे उंचावरून येणारे चेंडू लक्षात घेऊन रहीम यांनी अंतिम सामन्यासाठी आजारातून उठलेल्या उंचापुऱ्या पीटर थंगराज यांची निवड केली. जर्नेलसिंग आघाडीलाच राहिले. सतराव्या मिनिटाला पी. के. बॅनर्जी यांनी व विसाव्या मिनिटाला जर्नेलसिंग यांनी गोल केला. सामना संपता संपता कोरियाने एक गोल फेडला, पण भारताने २-१ असा विजय मिळवून सुवर्णपदक जिंकले. अंतिम सामन्यापूर्वी रहीम यांनी खेळाडूंकडे या सुवर्णपदकाची भेट मागितली होती, अशी आठवण त्या संघातील खेळाडू पुढे आयुष्यभर सांगत राहिले.

## मुंबई व गोव्याचे खेळाडू

रहीम यांनी राष्ट्रीय संघ बांधताना हैदराबादच्या खेळाडूंपुरता विचार केला नाही. त्यांच्या संघांत मुंबईत खेळणाऱ्या खेळाडूंना महत्त्वाचे स्थान होते. नेव्हिल डिसूझा हे मूळचे गोव्यातील आसगावचे होते व मुंबईच्या क्लबांकडून खेळत. १९६२ च्या सुवर्णपदक विजेत्या संघातील मध्यरक्षक फॉर्च्युनॅटो फ्रँको हेही मूळचे गोव्याचे व मुंबईच्या टाटा स्पोर्ट्स क्लबचे खेळाडू होते. त्याच संघातील बचावपटू ओ. चंद्रशेखर हे मुंबईच्या कॅलटेक्स संघाकडून खेळत. रोव्हर्स चषकासाठी दरवर्षी मुंबईत येत असल्याने रहीम यांना तेथील खेळाडूंचा खेळ जवळून पाहता आला.

## आजारपण व मृत्यू

जाकार्ताहून परतल्यानंतर रहीम यांची प्रकृती ढासळत गेली. ११ जून, १९६३ रोजी कर्करोगाने हैदराबाद येथे त्यांचे निधन झाले. त्या वेळी ते ५३ वर्षांचे होते. सुवर्णपदकाला तेव्हा वर्षही झालेले नव्हते.

## कार्याचे मूल्यमापन

रहीम यांच्या निधनानंतर १९६४ च्या आशिया चषक स्पर्धेत भारताने उपविजेतेपद आणि १९७० च्या आशियाई क्रीडास्पर्धेत कांस्यपदक मिळवले. या यशात त्यांच्या हाताखाली घडलेल्या खेळाडूंचा वाटा होता. ती पिढी निवृत्त होत गेली, तसा भारतीय फुटबॉल मागे पडला. १९६२ नंतर भारताला आशियाई क्रीडास्पर्धेत फुटबॉलचे सुवर्णपदक मिळालेले नाही आणि १९६० नंतर भारतीय फुटबॉल संघ ऑलिंपिकसाठी पात्र ठरलेला नाही. हैदराबादचे फुटबॉलमधील वर्चस्वही पुढील काही दशकांत ओसरले.

या घसरणीला आर्थिक व संघटनात्मक अशी अनेक कारणे आहेत. रहीम यांची कार्यपद्धती मोठ्या प्रमाणात त्यांच्या व्यक्तिमत्त्वावर उभी होती, हे त्यांपैकी एक होय. शाळा, स्थानिक संघटना, पोलिस संघ व राष्ट्रीय शिबिर या चारही ठिकाणी तेच असल्याने खेळाडूची वाट सरळ होती. ते गेल्यावर या चार कड्यांना जोडणारे कोणी उरले नाही. त्यांच्या सरावाचे पाठ व शालेय स्पर्धांचे प्रयोग एखाद्या अभ्यासक्रमाच्या रूपाने देशभरच्या क्रीडाशिक्षकांपर्यंत पोहोचले नाहीत. लहान वयातील पाया भक्कम नसेल तर मोठ्या वयात केवळ शिबिरे घेऊन संघ उभा राहत नाही, हा त्यांच्या कामाचा अर्थ त्यांच्यानंतर बराच काळ दुर्लक्षित राहिला.

त्यांच्या कार्याला काळाच्या मर्यादाही होत्या. त्या काळी भारतात संघटित फुटबॉल हा मुलांचा व पुरुषांचाच खेळ होता आणि शाळांच्या मैदानांवर मुलींना त्यात स्थान नव्हते. भारतीय महिला फुटबॉल महासंघाची स्थापना १९७५ साली, म्हणजे रहीम यांच्या निधनानंतर बारा वर्षांनी झाली. १९६० मध्ये सुरू झालेल्या सुब्रतो चषक या आंतरशालेय स्पर्धेत मुलींचा गट २०१२ मध्ये आला. मुलींचे शालेय संघ उभे राहू लागले तेव्हा ग्रामीण व निमशहरी भागांत ते काम पुन्हा एकदा शाळेच्या क्रीडाशिक्षकांवरच आले. अपुरे साहित्य, लहान मैदान व वेगवेगळ्या वयाची मुले या ज्या परिस्थितीत रहीम यांनी आपली पद्धत घडवली, ती मराठवाड्यातील अनेक शाळांना आजही परिचित आहे. दुबळ्या पायाने खेळण्याचे किंवा ड्रिबलिंगविना खेळण्याचे सामने भरवण्यासाठी एक चेंडू व नियम पाळून घेणारा शिक्षक एवढेच पुरते. म्हणूनच शालेय पातळीवरील मुलामुलींच्या प्रशिक्षणात त्यांची पद्धत आजही उपयोगी ठरू शकते.

## वारसा

रहीम यांच्या मार्गदर्शनाखाली खेळलेल्या पी. के. बॅनर्जी यांनी पुढे प्रशिक्षक म्हणून मोठी कारकीर्द केली. चुनी गोस्वामी, पी. के. बॅनर्जी व तुलसीदास बलराम हे आघाडीचे त्रिकूट भारतीय फुटबॉलमधील सर्वांत नावाजलेले त्रिकूट समजले जाते. या तिघांपैकी गोस्वामी व बॅनर्जी यांना पुढे पद्मश्री सन्मान मिळाला. रहीम यांचे पुत्र सय्यद शाहिद हकीम हे खेळाडू, आंतरराष्ट्रीय पंच व प्रशिक्षक म्हणून फुटबॉलशी निगडित राहिले. त्यांना २०१७ चा ध्यानचंद पुरस्कार देण्यात आला. २०२१ मध्ये त्यांचे निधन झाले.

उत्कृष्ट प्रशिक्षकांसाठीचा द्रोणाचार्य पुरस्कार १९८५ मध्ये, म्हणजे रहीम यांच्या निधनानंतर बावीस वर्षांनी सुरू झाला. फुटबॉलच्या वर्तुळाबाहेर त्यांचे नाव अनेक दशके फारसे परिचित नव्हते. त्यांच्या जीवनावर आधारित 'मैदान' हा हिंदी चित्रपट एप्रिल २०२४ मध्ये प्रदर्शित झाला. अमित शर्मा यांनी दिग्दर्शित केलेल्या या चित्रपटात अजय देवगण यांनी रहीम यांची भूमिका केली आहे. या चित्रपटामुळे नव्या पिढीला १९५२ ते १९६२ या दशकातील भारतीय फुटबॉलची व रहीम यांच्या कामाची ओळख झाली.

## प्रमुख आंतरराष्ट्रीय स्पर्धांतील कामगिरी

* १९५१, आशियाई क्रीडास्पर्धा, नवी दिल्ली: सुवर्णपदक
* १९५२, ऑलिंपिक, हेलसिंकी: प्राथमिक फेरीत पराभूत
* १९५६, ऑलिंपिक, मेलबर्न: चौथे स्थान
* १९६०, ऑलिंपिक, रोम: गट साखळीत बाद
* १९६२, आशियाई क्रीडास्पर्धा, जाकार्ता: सुवर्णपदक